मगदल्ला ते मोहनबारी, तीन तास

डिंडोली, सुरत
३ ऑक्टोबर १९९६

चि. योगेंद्र यास,
अ. उ. आशीर्वाद.

चार महिने पत्र नाही, माफ कर. वेळ नव्हता असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. आईच्या डोळ्याचे कसे कळवावे, ते ठरत नव्हते. डावा गेलेलाच आहे. उजव्यातला मोतीबिंदू पिकला, दिवाळीआधी काढाच, असे डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, योगेंद्र आल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.

तू किती लांब आहेस, हे तिने परवा विचारले. मी भूगोल शिकवते, आणि मला सांगता येईना. शाळेतल्या पृथ्वीगोलावर आपल्या मगदल्ल्याच्या विमानतळापासून तुमच्या आसामातल्या मोहनबारीच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला, दोनदा मोजला. साधारण साडेतेवीसशे किलोमीटर. विमानाच्या वेगाने भागले, तर तीन तास. आईला तसे सांगितले. तिने लगेच हिशेब केला: अमळनेरची पॅसेंजर सहा तास घेते, म्हणजे योगेंद्र अमळनेरपेक्षा जवळ! इतकी खूश ती बऱ्याच दिवसांत नव्हती.

कधी येतोस ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी नूतनताई

मोहनबारीजवळ
१६ ऑक्टोबर १९९६

ती. नूतनताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राच्या पाठोपाठ आईचे कार्ड आले, शेजारच्या मालतीबाईंकडून लिहवलेले. अमळनेरहून चिंधामामा गुडघे धरत येतो आणि तुला तीन तास जड झाले का, चार वर्षे कुठे होतास, असे विचारले आहे.

ताई, दोऱ्याला गाडी बदलावी लागत नाही! चहाच्या बागेतून मोहनबारीला जीप, तिथून कलकत्ता, रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी मुंबईचे विमान, मग सुरतेची गाडी. अडतीस तास, तेही धुके नसेल तर. शिवाय चहाची पाने येताहेत तोवर कारखान्यातून रजा नाही. डिसेंबरात नक्की येतो. पण खरे सांगू? अडतीस म्हटले की मला सुटल्यासारखे वाटते, तीन म्हटले की जेवण जात नाही.

आईला तूच समजाव. लोभ राहू दे, रागासकट.
तुझा योगेंद्र

डिंडोली, सुरत
२९ ऑक्टोबर १९९६

चि. योगेंद्र यास,
अ. उ. आशीर्वाद.

तीन तास सांगताना थेट विमान नाही, हे मला माहीत होते. मग का सांगितले? तिला धीर यावा म्हणून, असे स्वतःला सांगत होते. तिने तुला रागवावे, अशीही थोडी इच्छा असावी. मला रागवता येत नव्हते.

आज तिच्याजवळ बसून तुझा सगळा प्रवास वाचून दाखवला. माझी चूक सांगितली. मला वाटले, रडेल. तिने आधी विचारले, कलकत्त्यात रात्री जेवायला काय मिळते. मग, ऑपरेशननंतर पट्टी किती दिवस असते. मी म्हटले, थोडे दिवस. त्यावर माझ्यावरच चिडली. पोरगा अडतीस तास हाल काढत येणार आणि मी पट्टी बांधून नुसती त्याचा आवाज ऐकत बसू का, शिकलेल्या माणसांना एवढे कळू नये का, म्हणाली. डोळा आधी करून घेते, त्याला डिसेंबरातच येऊ दे, चार वर्षांत किती वाळला ते मला पाहायचे आहे.

तेव्हा तू सावकाश ये. माझ्यावरचा लोभ मात्र तेवढा लांब ठेवू नकोस.
तुझी नूतनताई

ता. क. उद्या शाळेत जाण्याआधी दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची दिवाळीच्या आतली तारीख घेते.