कोबीचा बाप्तिस्मा

४ सप्टेंबर, गुरुवार

झालं! बिशपांनी नाव वाचलं आणि मी उभ्या उभ्या पडायचीच राहिले.

दरवर्षीचंच आहे हे. परिषदेच्या शेवटच्या सकाळी सगळे पाळक उभे राहतात. बिशप एकेकाचं नाव वाचतात आणि पुढे त्याची जागा — कुणाला टेकडीपलीकडच्या चर्चची मंडळी, कुणाला बंदराजवळची. आम्ही मेथडिस्ट. पाठवतील तिथे निमूट जायचं, कुरकुर घरी गेल्यावर. दीक्षा झाल्यापासून माझ्या नावापुढे एकच शब्द येतो — महाविद्यालय. म्हणून मी आपली त्या वेळी आरामात पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत असते. आज 'महाविद्यालय' वाचून झालं तरी बिशप थांबेचनात. "...आणि गिरणीमागचं चॅपेल!"

मी ईश्वरविज्ञान शिकवते. पाळक घडवते. स्वतः एकही मंडळी कधी सांभाळलेली नाही. चहाच्या वेळी बिशपांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "अहो, मी वर्गातली बाई. मला कुठे पाठवताय?" हे बिशप माझेच विद्यार्थी, माझ्या पेपरात काठावर पास झालेले. हसून म्हणाले, "मॅडम, पाळकानं जागा निवडायची नसते हे तुम्हीच शिकवलंत ना?" सूड! गोड होता, पण सूडच.

घरी येऊन मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे माझा नवरा, निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. त्यांचा पहिला प्रश्न — "तिथे पार्किंग आहे का?"

७ सप्टेंबर, रविवार

पार्किंग नाही. पाइप बदलायला अख्खा रस्ता उकरून ठेवलाय. मास्तरांनी गाडी मातीच्या ढिगाऱ्याशेजारी तिरकी लावली आणि पालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चॅपेल छोटंसंच. बाकांना ताजं पॉलिश, खिडक्या रंगाने चिकटून कायमच्या बंद. चावीवाल्या मावशी दार उघडतात, पुस्तकं मांडतात आणि माणसं मोजतात. आज त्यांनी मलाही मोजलं. उपदेश ठीक झाला. म्हणजे मला वाटलं ठीक झाला. मावशी म्हणाल्या, "छान बोलता हो तुम्ही! मध्ये एकदा श्वास घेतलात तेव्हा वाटलं, संपलं."

मास्तर बाहेर गाडीत. पेपर, शब्दकोडं, थर्मास. लग्न ठरलं तेव्हाच आमचा करार झाला होता — मी त्यांना आत ओढायचं नाही, त्यांनी मला अडवायचं नाही. दोघांनी शब्द पाळला. मी कुठेही उपदेशाला गेले तरी ते दारापर्यंत सोडतात आणि संपेपर्यंत थांबतात. आत मात्र कधी पाऊल नाही. श्रद्धा नाही म्हणतात, उगाच नाटक कशाला करू? बरोबरच आहे. मंडळीतल्या पोरांनी आजच त्यांचं नाव ठेवलं — गाडीतले काका.

बरोबरच आहे असं लिहिलं खरं, पण ही वही माझी आहे, इथे तरी खोटं कशाला? मला वाईट वाटतं. दर वेळी बाकांवरून नजर फिरवते तेव्हा एक माणूस कमी असतो. आणि सांगायची सोय नाही. सांगितलं की ते ओढणंच झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

अरे देवा! चॅपेलमधली नर्स आज कॉलेजात येऊन गेली. कडेवर तिचं बाळ, डोक्यावर भली मोठी विणलेली टोपी, आत कुठेतरी चेहरा. "मॅडम, याचा बाप्तिस्मा करायचाय. तुमच्याच हातून. तुम्ही एवढी पुस्तकं लिहिलीत!"

लिहिली, हो. दोन. जाडं पुस्तक तर नुसतं बाप्तिस्म्यावर. पाणी किती, कसं, केव्हा, कोणत्या शतकात कोण कुणाशी भांडलं, सगळं आहे त्यात. आमच्याकडे ते गॅरेजचं दार अडवायला वापरतात.

पण बाप्तिस्मा? एकही केलेला नाही! मंडळीच नव्हती तर बाळं कुठून येणार? वर्गात कधी लपवलं नाही मी हे, पोरं दरवर्षी मनसोक्त हसतात. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात!

तारीख ठरली — पाच ऑक्टोबर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात सांगितलं आणि चूक झाली. अख्खा वर्ग बघायला येणार! सगळ्यांत पुढे अर्थातच प्रश्नचिन्ह — ही माझी विद्यार्थिनी, जिचा हात वर्ग सुरू होण्याआधीच वर असतो. "मॅडम, तुम्ही लिहिलंय की पाणी सगळ्यांदेखत वरून ओतावं, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जावा. तसंच करणार ना?"

आता नाही कसं म्हणू? हात दाखवून अवलक्षण.

१५ सप्टेंबर, सोमवार

बाळ हातातून निसटलं तर? मी आमच्या मुलीलासुद्धा आंघोळ घालायला घाबरायचे, ते काम मास्तरांचं. मुलगी आता आगबोटीवर इंजिनियर आहे आणि तिला पाण्याची भीती नाही, याचं श्रेय त्यांनाच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मास्तर म्हणाले, "अगं, सराव कर की! कागदावर गाडी शिकतात का कुणी?"

मग काय! दुपारी स्वयंपाकघरात सराव. बाळ म्हणून कोबीचा मोठा गड्डा, टॉवेलात गुंडाळलेला. बाप्तिस्म्याचं कुंड म्हणून भांडी घासायचा टब. मास्तर एकटेच आईबाप आणि तेच अख्खी मंडळी. उपासनेचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. नाकाच्या टोकावर चष्मा, चेहरा परीक्षा घेणाऱ्याचा.

"हं. आधी आरसा बघ."

"कसला आरसा?"

"म्हणजे आईकडे बघ. मग बाळ घे. झटका नको, क्लच सोडतात तसं... हळू... हळू... अगं, मान!"

कोबी टबात. अर्धं स्वयंपाकघर ओलं.

मला पहिल्यांदा गाडी शिकवली तीही यांनीच. दोनदा नापास झाले होते तेव्हा. तिसऱ्यांदा पास झाले आणि लग्नाचं विचारलं — मी विचारलं, त्यांनी नाही.

शेवटी मी मंडळीला प्रश्न विचारते: या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही साथ द्याल का? मंडळीनं म्हणायचं, देऊ. मास्तर म्हणाले, "पेट्रोलचे भाव बघून सांगतो." हसून हसून पोट दुखलं.

कोबी मग चिरवेना. मास्तर म्हणाले, "कशी चिरशील? आता तो मंडळीचा सभासद."

२३ सप्टेंबर, मंगळवार

सराव चालू. कोबी तोच, जरा सुकलाय. "साथ द्याल का?" आजचं उत्तर: "लायसन्स दाखवा आधी."

२४ सप्टेंबर, बुधवार

परीक्षेचे पेपर तपासले. एकानं लिहिलंय, "या विषयावर मॅडमचं मत सर्वांत योग्य आहे." कोणतं मत ते लिहिलेलं नाही. चाप्टर!

२७ सप्टेंबर, शनिवार

बाजारातून पितळी सुरई आणली. लांब मान, छान नक्षी. वरून पाणी ओतलं की टबात असा काही आवाज होतो! मास्तर म्हणाले, "नळ गळतोय असं वाटतंय." पण नंतर दोनदा म्हणाले, पुन्हा ओत बघू.

आज त्यांनी पुस्तकाकडे न बघताच सगळं म्हटलं. पाठ झालंय! आणि शेवटी विनोद केला नाही. नुसतं "देऊ" म्हणाले, आणि कोबी पुसून फ्रिजमध्ये ठेवला. मी टब रिकामा करायला घेतला. करार म्हणजे करार.

४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या. झग्याला इस्त्री केली, एक बाही जळता जळता वाचली. मास्तरांचा सल्ला — "पहिल्या वळणाला सगळेच घाबरतात. ब्रेक माझ्या बाजूलाही आहे समज."

आत नाहीत ना पण तुम्ही! हे मनात. तोंडाने म्हटलं, "बरं."

५ ऑक्टोबर, रविवार

दमलेय, पण लिहिणारच!

चॅपेल खच्चून भरलेलं. मावशी मोजता मोजता दमल्या. माझा वर्ग मागे ओळीने उभा. बिशपही आलेले, न सांगता! पुढच्या बाकावर, हातात माझंच जाडं पुस्तक. काठावर पास झालेला माणूस काय काय करतो!

टोपी काढलेलं बाळ माझ्या हातात आलं. आरसा, क्लच, मान — सगळं जमलं. बाळ टकामका बघतंय. मी सुरई उचलली. खूप उंच, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सगळं चॅपेल कान देऊन. तिरकी केली...

काही नाही.

आणखी तिरकी केली. एक थेंब. तो माझ्या बुटावर.

सुरई रिकामी! गाडीत सांडेल म्हणून घरून मी ती रिकामीच आणली होती. प्रश्नचिन्हाच्या हातात देऊन म्हटलं होतं, "वेदीजवळ ठेव." तिला वाटलं, मॅडमनी भरून आणलीय. मला वाटलं, ती भरेल. आयुष्यात एकदाच त्या पोरीने प्रश्न विचारला नाही!

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते आज कळलं. मावशी अंगणातल्या नळाकडे धावल्या आणि तशाच परत आल्या. "मॅडम, पाइप! पाणी बंद आहे!" बाप्तिस्म्यावर एवढं जाडं पुस्तक लिहिणारी बाई कोरड्या कुंडापुढे बाळ घेऊन उभी. बिशप पुस्तकाआड. त्यांचे खांदे हलत होते!

आणि मावशी दारातून ओरडल्या, "अहो गाडीतले काका! पाणी आहे का पाणी?"

मास्तरांच्या गाडीत पाण्याचा कॅन नसेल असं कधी झालंय? रोज सकाळी ताजा भरतात. पेपर काखेत, कॅन हातात, मधल्या वाटेने सरळ चालत आले. दारातून आत. बाकांमधून. माझ्यापर्यंत. मला वाटलं दारात मावशींच्या हातात देतील आणि वळतील. नाही वळले. कुंडाशी येऊन उभे राहिले आणि आपल्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "रेडिएटरसाठीचं आहे. चालेल का?"

"चालेल!" मी ओरडलेच. सगळं चॅपेल हसलं. ते बाळसुद्धा.

त्यांनीच ओतलं, कॅनमधून कुंडात. घळाघळा! मागच्या भिंतीपर्यंत आवाज. माझी सुरई झक मारते.

मी ओंजळीने तीनदा पाणी घातलं. बाळ रडलं नाही, शिंकलं. मग मी मंडळीकडे वळले. या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही साथ द्याल का? लोक पुस्तकातली ओळ शोधतायत, तेवढ्यात माझ्या कानाशी, ठणठणीत — "देऊ!"

मास्तर. सगळ्यांच्या आधी. सवयीने! मग बाकीचे म्हणाले. मास्तर लाल झाले, रिकामा कॅन छातीशी धरून पुढच्या बाकाच्या टोकाला बसले. बिशप सरकले. शेवटच्या गीतापर्यंत मास्तर बसून होते, गायले नाहीत.

वाटेत एकच वाक्य — "मान छान धरलीस."

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रश्नचिन्ह रडत आली. तिला चहा पाजला. म्हटलं, अगं वेडे, तुझ्यामुळे काय झालं तुला माहीत नाही. "काय झालं मॅडम?" हात वर! पण सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरांची दिवसभर गॅरेजात खुडबुड. विचारावंसं वाटतं. विचारत नाही. जीभ चावून चावून उद्या बोलता येणार नाही मला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मास्तर पुन्हा गाडीत. पेपर, शब्दकोडं, थर्मास. तिरकी गाडी, मातीचा ढिगारा.

काय गं बाई, काय समजून बसली होतीस? पाणी द्यायला आले होते, दिलं, गेले. उपदेशात मी दोनदा अडखळले. घरी आल्यावर रडले थोडी, बाथरूममध्ये, नळ सोडून. मास्तरांनी बाहेरून विचारलं, "पाणी आलं का गं नळाला?" रडता रडता हसू आलं. असाच आहे हा माणूस. असाच असू दे, मला चालेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बाजारातून येताना गाडी मी चालवत होते, मास्तर शेजारी. चौकातला सिग्नल लाल. ते समोर बघत म्हणाले, "रविवारी गॅरेजच्या दारातलं तुझं पुस्तक नेलं होतं गाडीत. शब्दकोड्याआड वाचून काढलं, निम्मं तरी. मोठ्या माणसांचाही करतात ना बाप्तिस्मा?"

"करतात. कुणाचा करायचाय?"

"गाडीतल्या काकांचा."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न, आणखी हॉर्न. मास्तर म्हणाले, "क्लच सोड. हळू."

मला क्लच सापडेना.