अकार्यक्षमतेचा अर्ज

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे माझ्यावर कोणी पीएचडी केली तर उपयोगी पडेल.
नौपाड्याच्या ऑफिसात कुजबुज. पेपर तोट्यात आहे म्हणे, माणसं कमी करणार. त्यासाठी मालकांनी एचआरला दक्षता नावाची मुलगी आणली आहे. मला 'यज्ञेश' म्हणते. माझ्या वयाला!
मला चिंता नाही. माझा 'टाचणी' स्तंभ बंद झाला तर ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लोक रस्त्यावर येतील.
संकल्प : रोज पहाटे उठून लेखन.

४ नोव्हेंबर
पहाटे उठलो नाही. संकल्पावर विचार करण्यात जागरण झालं.
युनियनच्या सेक्रेटरी हेमांगीला भेटलो. ती पेपरची पानं लावते. म्हणाली, करार पक्का आहे, युनियनला विचारल्याशिवाय एकाही पत्रकाराला काढता येणार नाही. मी निर्धास्त झालो. मग ती म्हणाली की सर, पण तुम्ही त्यात येत नाही. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या मागे लागून मी दारावर 'सल्लागार संपादक' अशी पाटी लावून घेतली, तेव्हाच मी मॅनेजमेंटमध्ये गेलो. युनियन कामगारांची असते.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कागदावर सही घेतली होती, पण माझं लक्ष पाटीच्या अक्षरांकडे होतं. पगार वाढला नाही. केबिन मिळाली, त्यात झेरॉक्स मशीन आधीपासूनच होतं.

६ नोव्हेंबर
योजना तयार : पुन्हा साधा उपसंपादक व्हायचं. इतिहासात अशी उदाहरणं असणारच.
सकाळी स्वतः स्क्रूड्रायव्हरनं पाटी काढली. दक्षता म्हणाली, पाटी काढून भागत नाही. खालच्या पदावर जायचं तर कारण लागतं, आणि सिस्टीममध्ये एकच कारण आहे : अकार्यक्षमता. उदाहरणांसह लेखी द्या.
हेमांगीचंही तेच मत. एकदा खाली उतरलात की तुमच्यासाठी गेटवर बसू, म्हणाली. भरून आलं.

८ नोव्हेंबर
अर्ज सुरू. पहिलं वाक्य : 'मी अकार्यक्षम आहे असा काहींचा गैरसमज आहे.' खोडलं.
एकही उदाहरण सुचेना. शेवटी रसिकानं चहा केला, समोर बसली आणि म्हणाली की घ्या लिहायला. एवढी वर्षं माझा स्तंभ न वाचणाऱ्या बायकोला सगळं पाठ होतं. दिवा गावच्या पाणीटंचाईवर मी तृष्णेचं तत्त्वज्ञान लिहिलं आणि दिवेकरांनी टँकरवाल्याचा नंबर मागितला. दिवाळीचा लेख होळीला गेला. माजी नगरसेवक कमलेशरावांवर मृत्युलेख लिहिला आणि ते आभार मानायला पेढे घेऊन आले.
चहा गार झाला तरी ती थांबेना. मुद्दे तिचे असले तरी शैली माझी.

११ नोव्हेंबर
अर्ज दिला. एक प्रत सल्ल्यासाठी संपादक देवेशच्या टेबलावर ठेवली. या गडबडीत येत्या रविवारचा स्तंभ लिहायचा राहिला. उद्या नक्की.
संध्याकाळी गेट मीटिंग. मी सगळ्यात मोठ्यानं घोषणा दिल्या. हेमांगी म्हणाली की सर, जरा मागे उभे राहा, लोकांना वाटतंय मालकांनी पाठवलंय.

१४ नोव्हेंबर
स्तंभ राहिलाच. मनःस्थिती नव्हती.
दक्षता खूश. इतका पुराव्यानिशी भरलेला अर्ज तिनं पाहिला नव्हता म्हणे. निर्णय सोमवारी. घरी जाताना रसिकासाठी गजरा घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार
'टाचणी'च्या जागी माझा अर्ज! पूर्ण. सहीसकट.
देवेशला फोन केला. तो म्हणाला की पान छपाईला सोडायची वेळ झाली, तुझा मजकूर नाही, टेबलावर हे सापडलं, मला वाटलं हाच स्तंभ.
सकाळपासून फोन थांबत नाही. टिटवाळ्याचे एक गृहस्थ आजवर फक्त माझ्या चुका कळवायला लिहायचे. ते हसून हसून खोकत होते. कमलेशराव म्हणाले की आपल्या मृत्युलेखापेक्षा हे सरस. सगळ्यांना सांगितलं की हा माझा जाणीवपूर्वक केलेला प्रयोग आहे.
आता मला कोण काढणार?

१७ नोव्हेंबर
युनियन जिंकली. एकाही कामगाराला काढणार नाहीत. गेटवर पेढे वाटले.
माझी पदावनती नामंजूर, जागा रिकामी नाही. अकार्यक्षमता मात्र मंजूर, माझ्याच सहीनं; म्हणजे नोकरी गेली. मॅनेजमेंटचा माणूस, म्हणून युनियनला बोलता येत नाही. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला एक पेढा दिला. मला फार वाईट वाटलं, तिच्यासमोरच रडू येईल असं वाटलं. पेढा खाल्ला.
निघताना देवेशनं थांबवलं. वाचकांची मागणी आहे, दर रविवारी असंच लिही, म्हणाला. मानधन नाही. स्तंभाचं नाव 'अकार्यक्षम'. मी बाणेदारपणे विचार करून सांगतो म्हणालो. जिना उतरेपर्यंत विचार केला, मग वर जाऊन हो म्हणालो.
पाटी पिशवीतून डोंबिवलीला आणली. विषय पुरतील का, एवढीच धास्ती होती. घरी पोचलो, सगळं सांगितलं. रसिकानं चहा केला, समोर बसली आणि म्हणाली की घ्या लिहायला.