भिंतीवरचे कापलेले फोटो

तीर्थरूप आईले, रागातलाच नमस्कार.

आमी दोघं कोलकात्यात सुखरूप पोचलो. तुझा गुडघा कसा आहे?

काल धाकट्या अद्वैतनं फोनवर आपल्या बैठकीतली भिंत दाखवली. जयपूर, लखनौ, म्हैसूर, मी पाठवलेल्या सगळ्या फोटोंत मी एकटीच. माह्या नवऱ्याले तू कात्रीनं कापून काढलं. काहून? बाबांकडं मुहूर्त विचारायले येणाऱ्यांले बौद्ध जावई दिसू नये म्हणून? म्हैसूरच्या फोटोत त्याची चार बोटं माह्या खांद्यावर उरली, तेवढी तुले दिसली नाई.

ललित काल रात्री जेवलाच नाई.

बाबांच्या गोळ्या चुकवू नको.

या पाकिटात मी काढलेला इथला फोटो आहे. ट्रामच्या दारात ललित एकटाच उभा आहे. आता काप.

तुझी आन त्याची,
मैथिली