कापलेलं कुठं जातं

३ सप्टेंबर, बुधवार

अल्बमवाल्याने चार हजार सांगितले! चाळीस पानांचे! उत्कर्षा म्हणाली, "राहू दे गं आई त्याला. तूच कर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट आहे. हॉलमधल्या टीव्हीवर लावू." म्हटलं, मॅट्रिक बाईला काय येतंय त्यातलं? तर म्हणते, "रांगोळी काढतेस ना? मग झालं. पान घ्यायचं आणि मांडायचं."

उत्कर्षाचा साखरपुडा ५ ऑक्टोबरला, बेलापूरला. आशुतोषची आई, आत्या, सगळी बघणार. लेकीचं लहानपण नीट दिसायला पाहिजे.

काल गौरी गेल्या, आजपासून हात मोकळा. विसरायला होतं म्हणून लिहून ठेवते — नवं पान: न्यू स्लाइड. फोटो आणायचा: इन्सर्ट. कापायचा: क्रॉप. चारी बाजूंना काळ्या कडा येतात, त्या आत ओढायच्या. झालं की सेव्ह. सेव्ह विसरायचं नाही!

४ सप्टेंबर, गुरुवार

उत्कर्षाचा जुना फोन पडून होता, त्यानेच पेटीतल्या फोटोंचे फोटो काढले. खिडकीपाशी धरायचे, म्हणजे चकाकत नाहीत. नुसते फोटोच नाही — जावळाची पुडी, बालवाडीचा बिल्ला, माझ्या शालूचा काठ. काठ पानाच्या कडेने लावला तर अगदी शिवल्यासारखा दिसतो! तासभर बघतच बसले. आमटी लागली तळाला.

कुंचीचाही काढला. खणाची, मोत्यांची झालर लावलेली. खाली लिहिलं, "आईने शिवलेली कुंची."

खोटं काय आहे त्यात? आईनेच शिवली. विजयमालाने.

इथे लिहिते, कारण या वहीला कोणी हात लावत नाही. हिशोबाची वही म्हटलं की घरातली माणसं लांब पळतात.

विजयमाला यांची पहिली. उत्कर्षा दहा महिन्यांची असताना काविळीने गेली. मी आले तेव्हा पोर चौदा महिन्यांची. आल्या दिवशी माझ्या पदराला धरून उभी राहिली, ती सोडेचना. सासूबाईंनी सगळ्यांना देवापुढे शपथ घातली — पोरीला सांगायचं नाही. मग यांना पावणे गावातल्या कंपनीत काम लागलं, आम्ही साताऱ्याकडचं सोडून इकडे आलो. चोवीस वर्षं झाली.

आता लग्न होऊन जाताना कळलं तर? मग मी कोण तिची?

६ सप्टेंबर, शनिवार

अकरा फोटोंत ती आहे. त्यातले दहा आज कापले. सोपं आहे. कडा आत ओढली की बाई जाते, पोर राहते.

अकरावा काही जमत नाही. उष्टावणाचा. पोर पाटावर बसलीय, तोंडाला खीर. बाई फोटोच्या बाहेर आहे, नुसता तिचा हात आलाय पोरीच्या खांद्यावर. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस. तेवढा हात कापायला जावं तर पोरीचा कान जातो.

गौरीच्या आराशीतलं एक झेंडूचं फूल होतं. त्याचा फोटो काढून हातावर ठेवला. बरोबर बसलं.

देवापुढे साखर ठेवली. का ठेवली कोणास ठाऊक.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. या दिवसांत नवीन काही हाती घेऊ नये. पण हे आधी सुरू केलंय. चालतं.

१० सप्टेंबर, बुधवार

दुपारी उघडलं तर चौथ्या पानावरचं फूल बाजूला! हात दिसतोय. माझ्याच हातून माऊस सरकला असणार. फूल परत ठेवलं, सेव्ह केलं. दोनदा केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज परत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यांना बोलावून दाखवलं. चष्मा पुसून पुसून बघितलं. म्हणाले, "कशाला झाकतीस? हातच हाय नुसता."

"तो कुणाचा, ते माहीत आहे ना?"

"हाय की. म्हणून तर म्हणतो." आणि उठून गॅलरीत गेले. चहा गार झाला तरी आत आले नाहीत.

सहाव्या पानावर बघते तर काठाशी पदराचा तुकडा. निळा, बुट्ट्यांचा. तो मी कापला होता! शनिवारी, माझ्या हाताने. कापलेलं परत वाढतं का कुठं? नखासारखं?

१३ सप्टेंबर, शनिवार

उत्कर्षा भाजी निवडत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, ते क्रॉप केलं की कापलेलं कुठं जातं?"

"कुठे जात नाही, आई. तिथंच असतं. फक्त दिसत नाही."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ते काय कागदासारखं असतं का? कडा बाहेर ओढलीस की परत येतं सगळं."

"आणि कायमचं काढायचं असलं तर?"

मग दाखवलं तिने. कॉम्प्रेस म्हणून आहे, त्यात एक चौकोन — कापलेले भाग काढून टाका. त्यात खूण केली की संपलं. म्हणाली, "पण मग परत मिळत नाही हं. विचार करून कर." माझ्याकडे बघत नव्हती. मेथीच निवडत होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईची ही तिथी. दर वर्षी विजयमालाच्या नावाचं पान मांडते, शिरवणे गावच्या केशरबाईंना सवाष्ण म्हणून जेवू घालते, ओटी भरते. चोवीस वर्षांत एकदा चुकली नाही. उत्कर्षाला सांगून ठेवलंय, आजीची नवमी.

यंदा करायची नाही ठरवलं. आशुतोषची आई कधी डोकावेल नेम नाही. कुणाचं पान, असं विचारलं तर? केशरबाईंना निरोपच दिला नाही. कणीक मळताना जीव थाऱ्यावर नव्हता. पण ठरवलं ते ठरवलं.

साडेबाराला बेल. दारात केशरबाई! हिरवं लुगडं नेसून, वेणी माळून.

"वयनी, पान नाय मांडला अजून?"

म्हटलं, "मी कुठं बोलावलं होतं?"

"या बया! सकाली फोन आला ना. जेवायला ये म्हनून. बायचा आवाज व्हता, मना वाटला तूच. घसा बसलाय का काय तुजा?"

मी फोन काढून बघितला. माझ्या फोनवरून सकाळपासून एकही फोन गेलेला नाही. केशरबाई आत येऊन बसल्या आणि जुन्या हक्काने म्हणाल्या, "भात टाक. मी काय पाव्हनी हाय? आलेली सवाष्न उपाशी धाडू नये, ती कुनाच्यातरी नावानं आलेली असते."

भात टाकला. वरण होतं. खीर केली, तांदळाची. पान मांडलं. उत्कर्षा आज घरूनच काम करत होती, बाहेर येऊन बसली. केशरबाई जेवेपर्यंत उठली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

खूण केली.

एकेक करत दहा फोटो. देवापुढे दिवा लावून केलं, म्हणजे पाप आहे हे मला कळत होतं. लॅपटॉपने विचारलंसुद्धा नाही, खरंच का म्हणून. कडा बाहेर ओढून बघितली — पांढरं. आता काही नाही तिथे.

अकराव्याला नाही केलं. दया आली म्हणून नाही. नीट बघितलं तर पोर बसलीच नाहीये अजून धड. एका बाजूला कललीय. तो हात आहे म्हणून सावरलीय. तो काढला तर पोर पडेल.

फूल ठेवलं परत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दहाही फोटोंत ती उभी आहे. अख्खी. निळा पदर, कपाळाला मोठं कुंकू. सगळ्यांत माझ्याचकडे बघतेय.

कापलेलं परत येतं हे समजलं. पण पुसलेलं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लॅपटॉप देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलाय. उघडला नाही. जप केला. तीन माळांनंतर आकडा चुकला.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आज उत्कर्षाने स्वतः फडताळातून लॅपटॉप काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आई, मी लावले ते परत."

मी पदराने लॅपटॉप पुसायला लागले.

"तू जुना फोन घेतलास ना, तो अजून माझ्याच नावावर आहे. तू काढलेला प्रत्येक फोटो आपोआप माझ्याकडे येत होता. लॅपटॉपही माझ्याच नावाने चालतो, म्हणून ऑफिसातूनही मला अल्बम उघडता यायचा. फूल सरकवलं ते मीच. केशरमावशींना फोनही मीच केला."

म्हटलं, "तुला कधीपासून...?"

"दहावीचा फॉर्म भरताना जन्माचा दाखला बघितला. पण त्याच्याही आधीपासून शंका होती. तू म्हणायचीस, आजीची नवमी. आजी तर आबांच्या मागून गेली! तिची कशी असेल अविधवा नवमी?"

अगं बाई! चोवीस वर्षं एकही तिथी चुकवली नाही, आणि एवढं लक्षात आलं नाही माझ्या! धर्म नीट पाळला आणि त्यानेच पकडून दिलं.

म्हणाली, "वाट बघत होते, तू सांगशील. मग तू कापायला लागलीस. मला राग आला गं. तू तिला इतकी वर्षं जेवू घातलंस, आणि आता कापतेस?"

मी म्हटलं, "मला भीती वाटली. तू म्हणशील, ही कोण."

तर हसली. रडत होती आणि हसत होती. "वेडी आहेस का? पदर मी कुणाचा धरला होता?" हे कोणी सांगितलं हिला? वर बघितलं तर दारात हे उभे. आमच्याकडे बघेनात. पंखाच बंद केला, परत चालू केला.

दोघींनी बसून अकरा फोटो नीट लावले. कुंचीखाली तिने लिहिलं — विजयमाला आईने शिवली, आईने जपून ठेवली.

रात्री वरण-भाताला चव होती. बऱ्याच दिवसांनी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सगळं उत्कर्षानेच केलेलं होतं म्हटल्यावर काल शांत झोप लागली. उगाच घाबरले. फडताळात कापूर ठेवला होता, तोही काढून टाकला.

५ ऑक्टोबर, रविवार

पार पडलं. अल्बम दोनदा लावायला लावला लोकांनी. आशुतोषच्या आईने कुंचीच्या पानाशी थांबवून विचारलं. उत्कर्षाने सरळ सांगितलं, "या माझ्या पहिल्या आई." त्या बाईंनी हात जोडले हो टीव्हीला! दमले. बाकीचं उद्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

साखरपुड्याचा एक फोटो शेवटच्या पानावर लावला. उत्कर्षा पाटावर, मी मागे उभी. ओटीचं ताट मी दोन्ही हातांनी धरलंय, दहाही बोटं दिसतात. तरी तिच्या खांद्यावर हात आहे. हिरव्या बांगड्या. मनगटावर तुळस. माझं मनगट कोरं आहे.

उत्कर्षाला विचारलं नाही. कापलं नाही. सेव्ह केलं.