नॉर्वेचं हवामान

१४, हॅवलॉक स्ट्रीट,
स्टॅनफ्लीट
८ ऑक्टोबर २०११

प्रिय कॉलम,
स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उशीर माझाच, टपालवाल्याला नावं ठेवू नकोस. शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे काय असतं ते तुला कुठून कळणार, तू तर सोळाव्या वर्षीच शाळेला रामराम ठोकलास!

तर बातमी अशी. आम्हाला एका न बनलेल्या सिनेमाचा दोन मिनिटांचा ट्रेलर करायचाय. सिनेमा नाहीच, नुसता ट्रेलर. म्हणजे जेवण नाही, फक्त वास. वर्गातल्या निम्म्या पोरांनी भुताटकी घेतली, कारण तिला सॉसची एक बाटली पुरते. मी सामाजिक वास्तववाद घेतला. ऑलरॉइड सरांनी त्याचे नियम फळ्यावर लिहून दिले. जागा खऱ्या, उजेड खरा, आणि माणसं नट नकोत. मला जागा शोधायला घराबाहेर फारसं जावंच लागलं नाही. आपलं स्वयंपाकघर, मासळीच्या कारखान्यासमोरचा बसथांबा, गोदीची भिंत. सर म्हणाले, जागा काय अचूक निवडल्यास! ते आपल्या घराबद्दल बोलताहेत हे मला जरा उशिराच लक्षात आलं.

आता रागावू नकोस. सिनेमा एका मुलाचा आहे. तो तुरुंगात जातो आणि त्याची आई मासे कापत राहते. मुलाचं काम माझ्या वर्गातला डॉमिनिक करतोय, तुझं निळं जाकीट घालून. आईचं काम आई. आधी नाही नाही म्हणाली, मग केस धुऊन आली. मी म्हटलं, अगं, कारखान्यातून आल्यासारखी दिसायला हवीस. तर म्हणते, कारखान्यातून आल्यावर मी आधी केसच धुते.

साध्या माणसांपुढे कॅमेरा धरला की ती त्याच्या लाल दिव्याकडे बघतात आणि त्यांचा पुतळा होतो. म्हणून आम्ही सगळेच त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतो. वर्गात शिकवलेली ही पहिली युक्ती. तेव्हापासून आई छान वावरतेय.

तुला आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
हेदर


बी विंग
१७ ऑक्टोबर २०११

प्रिय हेदर,
अ. उ. आ. (सहा वर्षांनी मोठा आहे, एवढा हक्क आहे मला.)

माझं जाकीट डॉमिनिकला? त्याच्या खांद्यांवर ते दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसत असेल. इथे पत्रं आधी साहेब वाचतात. ते म्हणाले, सिनेमात तुरुंगाचे साहेब असतील तर आमचं पोट जरा आत दाखवायला सांग.

परवानगी आहे, पण एक विचारतो. तुझा तो मुलगा तुरुंगात जातो ते कशासाठी? तू लिहिलं नाहीस. परिस्थितीमुळे असं काही असेल तर खोडून टाक. परिस्थिती तुझीही तीच होती की. मी व्हॅन चालवली. गोदीवरच्या चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे विकण्यासाठी उतरवायला हात लावला. मग दोन दिवस पाऊस झाला आणि आत आलेलं पाणी समुद्रात गेलेल्यांच्या नावांच्या फळीवरून ओघळलं. त्यात आजोबांचं नाव आहे. दोन मिनिटांत हे बसत असेल तर बसव.

आणि कुणाला तरी हसताना दाखव. आपल्यासारख्यांच्या सिनेमात कोणी हसतच नाही, जसे काही आपल्याला दातच दिले नाहीत.

आईला सांग, भेटीचा चौथा परवाना पाठवतोय. आधीचे तिन्ही मुदत संपून वाया गेले. ती लिहिते, पाय दुखतात, दोन बस आणि एक आगगाडी झेपत नाही. उभ्याने काम आहे, दुखत असतील. पण सात महिने, दर शनिवारी? ज्यांची माणसं येणार असतात ते शनिवारी सकाळपासून केस विंचरत बसतात. मीही विंचरतो, उगीच.

आईला विचारू नकोस. नुसतं बघ आणि मला कळव. बाकी लोभ आहेच, त्याला कुलूप लागत नाही.

तुझा,
कॉलम


१४, हॅवलॉक स्ट्रीट
५ नोव्हेंबर २०११

प्रिय कॉलम,
स. न.

दोनदा फाडलं, हे तिसरं. जे लिहितेय ते तुला सांगणार नाही असं मी आईला वचन दिलं होतं. पण आता ते माझ्या कॅमेऱ्यात आहे.

आई कारखान्यात सांगते की तू नॉर्वेला आहेस. भर समुद्रात तेल काढतात तिथे, दोन वर्षांच्या करारावर. मार्चपासून हेच चाललंय. तिच्या शेजारी उभी राहून तीस वर्षं मासे कापणारी विनी तुला आठवत असेल. ती दर सोमवारी चहाच्या सुट्टीत विचारते, कॉलम कसा आहे, तिकडचं हवामान काय म्हणतंय? आणि आई टेबलभर बायकांना ते सांगते. तिचे पाय दुखतात हे खरंच आहे. पण ती येत नाही ते पायांमुळे नव्हे. स्टेशनवर कोणी भेटलं आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं, तर काय सांगायचं? नॉर्वेला काही त्या गाडीने जात नाहीत.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरातला प्रसंग घेतला. आई टेबलाशी बसून चहा ओतते, एवढाच. झालं म्हणून मी कॅमेरा पावाच्या डब्यावर ठेवला आणि डॉमिनिकला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. कॅमेरा बंद करायचा राहिला. दिव्यावर पट्टी, त्यामुळे ना मला कळलं, ना आईला.

सोमवारी शाळेत ते बघितलं. मी गेल्यावर आई समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागते. काल फोन आला होता गं, म्हणते. थंडी मरणाची आहे, पण जेवायला चांगलं घालतात, मासे मात्र आपल्यासारखे नाहीत. मग हसते. मग थांबते, स्वतःशीच मान हलवते आणि तेच सगळं पुन्हा म्हणते, हसायची जागा बदलून. असं तीनदा. ती दुसऱ्या दिवसाची तयारी करत होती, कॉलम. दर रविवारी मी वर अभ्यास करत असते तेव्हा खाली हेच चालत असणार.

सर मागे येऊन उभे राहिले होते. मग म्हणाले, ट्रेलरचा शेवट हाच ठेव, हे काम बघून कुठलंही फिल्म कॉलेज तुला दार उघडेल. आई खरंच काय करत होती ते त्यांना माहीत नाही. त्यांना वाटलं, मी लिहून दिलेलं ती बोलतेय.

भीती कशाची वाटते सांगू? मला ते दाखवायचंय. बघताना मी रडले, आणि रडता रडता मनात म्हणत होते, गालावर उजेड काय सुरेख पडलाय! मी कसली मुलगी आहे रे? ते काढलं तर उरलेला ट्रेलर म्हणजे एक बाई बसची वाट बघते, बस्स.

२ डिसेंबरला शाळेच्या सभागृहात सगळ्यांचे ट्रेलर आईवडिलांसमोर दाखवणार आहेत. विनीची नात माझ्या वर्गात आहे, म्हणजे विनी येणारच. आईने त्या दिवसासाठी नवा ब्लाउज आणून ठेवलाय. तिला यातलं काहीच माहीत नाही.

मी काय करू ते लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण पत्र लवकर पाठव.

तुझी,
हेदर


बी विंग
१२ नोव्हेंबर २०११

प्रिय हेदर,
आशीर्वाद.

म्हणजे मी नॉर्वेला आहे! बरं झालं कळवलंस, इथे सगळ्यांचा समज मी बी विंगमध्ये आहे असा होता.

ही एक ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. त्याआधी जे लिहिलं होतं ते साहेबांना वाचायला देण्यासारखं नव्हतं. मी आईवर इतका चिडलो होतो की चौथा परवाना परत मागवणार होतो. तिला माझी लाज वाटते ते समजू शकतो मी. पण माझ्या जागी दुसराच एक मुलगा घडवायचा, त्याला चांगलं जेवू घालायचं आणि त्याच्या नावाने हसायचं? तो नॉर्वेवाला तिला माझ्यापेक्षा जास्त आवडत असणार, हेच मला सहन होईना.

मग ती खुर्ची डोळ्यांसमोरून जाईना. दर रविवारी ती चर्चला जायची, फुलं मांडायची. माझ्यामुळे ती जागा गेली तिची. आता रविवारी ती तिथे बसते आणि माझ्याबद्दलच बोलते. खोटं का होईना, माझ्याबद्दलच. एवढ्यावर मी थांबलो. राग सगळा गेलेला नाही, तेही सांगून ठेवतो.

आता तुझं. तू मला विचारलंस, पण चेहरा माझा नाही. छपरावर चढलो तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की हे शिसं कोणाचंच नाही. तू जे उचलून नेत्येस ते कोणाचं आहे हे तुला पक्कं माहीत आहे. तिला दाखव. आधी तिला, एकटीला. मग ती म्हणेल ते. कॉलेज गेलं तर गेलं. हे मला सोपं आहे, तुला नाही, तरी म्हणतोय.

सोबत आईसाठी वेगळं पत्र आहे. इथल्या पाद्रीसाहेबांकडून कोरा कागद मागून घेतला, म्हणजे वर तुरुंगाचं नाव नको. वाचनालयात नॉर्वेवर एकच पुस्तक निघालं, तेही लहान मुलांचं, पण चित्रं चांगली आहेत. हवामान मी आठवडाभराचं दिलंय. तिला हवं तर चहाच्या सुट्टीत वाचून दाखवू दे. पाचवा परवानाही आत घातलाय.

घाबरू नकोस. लोभ कमी झालेला नाही, फक्त जरा दुखावलाय.

कॉलम


१४, हॅवलॉक स्ट्रीट
४ डिसेंबर २०११

चि. कॉलम यास आईचे अनेक आशीर्वाद.

मला तुझ्यासारखं किंवा हेदरसारखं लिहिता येत नाही, तेव्हा जसं होईल तसं वाच.

हेदरने मला माझं ते बोलणं त्या इवल्याशा पडद्यावर दाखवलं. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. माझ्या घरात, माझ्या पावाच्या डब्यावर! खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा त्या पडद्यावरच्या बाईचा राग आला. किती सफाईने बोलत होती. मला वाटायचं मी अडखळते, म्हणून तर तयारी करत होते.

तुझं पत्र आल्यावरच्या पहिल्याच सोमवारी कारखान्यात नेलं. खिशातच ठेवणार होते. पण विनीने नेहमीसारखं हवामान विचारलं आणि मला त्या दिवशी पाठ केलेलं काही आठवेना. म्हणून पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. डोंगर, बर्फ, बोटी, सगळं नीट वाचलं. बायका हसल्यासुद्धा. मग तू लिहिलं होतंस की इथे शनिवारी सुट्टी असते आणि आम्ही सगळे केस विंचरून बसतो. तिथेच मी अडकले. का ते कळलं नाही, पण वाक्य पुढे जाईना.

विनीने कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि माझ्या खिशात ठेवला. मग चहा ढवळत विचारलं, परवाना कितीपर्यंतचा आहे? तिच्या केनला शनिवारी गाडी काढता येईल, म्हणाली.

कॉलम, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपल्या साप्ताहिकात कोर्टाच्या पानावर तुझं नाव आलं होतं, घराच्या पत्त्यासकट. टेबलावरच्या आठही जणींनी वाचलं होतं. आणि त्यानंतर दर सोमवारी त्या मला नॉर्वेचं हवामान विचारत होत्या. विनीच्या वडिलांचंही नाव त्या फळीवर आहे, ठाऊक आहे ना तुला? पाऊस त्या नावावरूनही गेला. तरी विचारायची, कॉलमला गरम कपडे आहेत ना?

मला आधी रागच आला. एवढे महिने मी त्यांना फसवत होते की त्या मला? घरी आले आणि पायमोजेसुद्धा न काढता बसून राहिले. अजूनही सकाळी त्या टेबलाशी जाताना पाऊल जड होतं. दया म्हणावं की माया, मला ठरवता येत नाही.

हेदरला मी सांगितलं, चोरून घेतलेलं दाखवायचं नाही. हवं तर समोर घे. तिने माझ्यादेखत त्या दिव्यावरची काळी पट्टी सोलून काढली. मी नवा ब्लाउज घालून बसले आणि त्या लाल ठिपक्याकडे बघत सगळं बोलले. नॉर्वे, थंडी, मासे. अगदी वाईट झालं. शाळेतल्या पोरी कविता म्हणतात तसं. तिने तेच शेवटी जोडलं. सरांचं तोंड इतकं उतरलं की मलाच वाईट वाटलं. सभागृहात मागची पोरं हसली. विनी माझ्या शेजारी होती, तिने टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांच्या नंतरही थांबल्या नाहीत. कॉलेजला हेच पाठवायचंय. हेदर म्हणते मिळेल, पण तिने नखं कुरतडून ठेवलीत.

तिला या सगळ्यावर शाळेत प्रश्न सोडवायचे असतात. एका कागदावर विचारलंय, या कामातून तुम्ही काय शिकलात? तिने लिहिलंय की नट नसलेल्या माणसाला कॅमेरा चालू असल्याचं सांगितलं तर तो वाईट काम करतो, तरी सांगावं. याला गुण मिळतात का, मला माहीत नाही.

आता येत्या शनिवारी, १० तारखेला, केन मला घेऊन येतोय. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत असं कळलं, म्हणून केक करत नाही. चर्चबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय आणि ते गोड नसेल. मनाची तयारी ठेव.

सोमवारी आता मला कोणी हवामान विचारत नाही. नीट, खरंखुरं विचारतात, झोपतो का, कुणी त्रास देतं का. आणि मी तिथे बसून काय करते माहीत आहे? मला त्या मुलाची आठवण येते, त्या बर्फातल्या. माझ्याशिवाय त्याला कोणीच नव्हतं रे.

म्हणून शनिवारी भेटलास की आधी मला थोडं नॉर्वेचं सांग. पाच मिनिटं. मग आपण खरं बोलू.

केस विंचरून ठेव.

तुझी,
आई