लोक तयार नाहीत

३ ऑक्टोबर
पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला एकतीस जणांची समिती नेमलीय. मी त्यात आहे. मैदानात दोघे. एक जुने मंत्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि दुसऱ्या आपल्या डॉक्टरबाई. या पदावर आजवर एकही बाई बसलेली नाही, आणि बाईंच्या मूठभर समाजातलं तर कुणी आसपाससुद्धा फिरकलेलं नाही. माझं ठरलं. मत बाईंनाच. इतिहास कुणालातरी घडवावाच लागतो.

४ ऑक्टोबर
बाईंना फोन करून शब्द दिला. त्यांचा आवाज भरून आला. म्हणाल्या, भाऊ, तोंडावर हो म्हणणारे तुम्ही पहिलेच. नंतर आरशात पाहिलं. चेहऱ्यावर तेज आलंय.

७ ऑक्टोबर
सर्व्हे सुरू. स्वतःचा, शास्त्रशुद्ध. दाढी करताना न्हाव्याला विचारलं, लोक बाईला निवडतील का? म्हणाला, मला चालेल साहेब, पण लोकांचं काही सांगता येत नाही. ड्रायव्हर तेच म्हणाला. लिफ्टमनही तेच. समितीतले खजिनदार चहा ढवळत म्हणाले, माझी काहीच हरकत नाही हो, पण लोक... निष्कर्ष: लोक तयार नाहीत.

बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, हे लोक राहतात तरी कुठे? तिला राजकारण कळत नाही.

१० ऑक्टोबर
काकांचा माणूस ऑफिसात आला होता. धमकी वगैरे काही नाही. समोरच्या खुर्चीत बसला, टेबलावरचा माझा पेन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, साहेब, जिंकणाऱ्याबरोबर असलेलं बरं. मी ताठ बसून होतो. बघू म्हणालो, तेही ठणकावून. तो गेल्यावर पेन खणात ठेवून कुलूप लावलं. महागाचा पेन आहे.

बाईंना सल्ला दिला की जरा हसत जा, आणि समाजाचा विषय काढू नका. त्यांनी विचारलं, काका किती हसतात? आता काकांना हसायला कोण सांगणार!

१२ ऑक्टोबर
बाईंचे फोन येताहेत. उचलत नाही. मतदार तटस्थ दिसायला हवा. शेवटी बायकोनं उचलला. परवा बाईंच्या खिडकीवर दगड आला म्हणे. काच त्यांनीच झाडून काढली. बोभाटा केला तर रडकी ठरवतील, म्हणून गप्प आहेत. वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्या मत बाईंनाच, त्रिवार.

१३ ऑक्टोबर, दुपार
मतदान झालं. गुप्त. पडद्याआड मी एकटा. बाईंच्या नावापाशी पेन नेला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. बाकी कुणी त्यांना देणार नाही. म्हणजे बाई पडणारच. मग माझं मत वाया का घालवायचं? काकांना दिलं तर आत राहून बाईंसाठी चार गोष्टी करता येतील. दिलं. भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्यांतला मी नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
काका सोळा, बाई पंधरा.

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. खजिनदार तर रडतच होते. बाई प्रत्येकाशी हात मिळवत दाराकडे निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, भाऊ, यातली चौदा मतं कुणाची, ते मला कधीच कळायचं नाही. एक तेवढं माहीत आहे.

मी म्हणालो, त्यात काय, कर्तव्यच होतं.