भांडी रचण्याची योग्य पद्धत

३ नोव्हेंबर, सोमवार

डिशवॉशर बंद पडून आठ दिवस झाले. बायको तिच्या बहिणीकडे जाऊनही आठच दिवस झाले. हा योगायोग नाही.

त्या संध्याकाळी तिने भांडी मशीनमध्ये लावली. मी नेहमीप्रमाणे ती बाहेर काढून पुन्हा नीट लावली. बटण दाबलं. मशीन घुर्र करून मध्येच थांबलं. ती थोडा वेळ नुसती मशीनकडे बघत उभी राहिली, मग आत जाऊन बॅग भरायला लागली. जाताना म्हणाली, मला आता नाही जमत. बरोबर आहे. मशीनची सवय झाल्यावर हाताने भांडी घासणं कोणाला जमतं?

निश्चय: मशीन स्वतः दुरुस्त करायचं. मेकॅनिक बोलवायचा नाही. मी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघतो, एक मशीन मला काय जड आहे. मशीन सुरू झालं की ती परत येईल.

घर फार शांत आहे. मला आवडत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुरुवात शास्त्रशुद्ध करायची म्हणून मॅन्युअल शोधलं. सापडेना. बायकोने ठेवलंय कुठेतरी. तिला फोन केला तर मेव्हणीने उचलला. म्हणाली, भावोजी, ताई आंघोळीला गेलीये. तासाभराने परत केला. अजून आंघोळच. पाण्याची काही कदर नाही त्या घरात.

मॅन्युअलशिवाय करणार. तळाशी घाण पाणी साचलंय. वाटीने उपसलं. वाटी कुठे धुवायची हा नवीन प्रश्न.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

मशीन ओट्याखालून बाहेर ओढलं. मागचा पाइप तपासायला. एका दमात आलं, अजून अंगात जोर आहे.

तोच दिवस, संध्याकाळी

आत जात नाही. कंबर धरली. मशीन स्वयंपाकघराच्या मधोमध उभं आहे. फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. दूध निघतं, अंडी निघत नाहीत. तात्पुरतं अंडी बंद. तब्येतीलाही बरंच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाइप सोडवला. वाटलं होतं त्याहून बरंच जास्त पाणी आत होतं.

खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. रिटायर्ड आहेत, त्यांना वेळच वेळ. डोकं ओलं होतं. मला वाटलं, आंघोळ करून आले. तसं नव्हतं. त्यांच्या छतावर डाग पडलाय म्हणाले. मी म्हटलं, जुना असेल. ते म्हणाले, जुने डाग ठिबकत नाहीत. मग वहिनी घरात आहेत का, विचारलं. त्या असल्या की बोलता येतं म्हणाले. माझ्याशी काय बोलता येत नाही? पण वाद घातला नाही. ती बहिणीकडे गेलीये, येईल दोन-चार दिवसांत, असं सांगितलं. मास्तर जाताना माझीच बादली घेऊन गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

स्वच्छ ताटल्या संपल्या. कागदी आणल्या. हाताने घासणार नाही, ते हार मानल्यासारखं होईल.

खरकटी भांडी मशीनमध्येच लावून ठेवलीत. बंद असलं म्हणून काय झालं, शिस्त ती शिस्त. लोकांना वाटतं, डिशवॉशरमध्ये भांडी कशीही कोंबावीत. मशीन विकत घेतल्यापासून बायकोला हे समजावतोय. तिने लावलेली भांडी मी रोज पुन्हा लावतो, एकदाही चिडलेलो नाही. मागच्या महिन्यात तर तिच्या सोयीसाठी प्रत्येक रांगेला लेबलं चिकटवली. ‘खोलगट ताटल्या’. ‘चमचे: दांडा खाली’. ‘कप: तिरका’. कागद कापला, सुवाच्य अक्षरात लिहिलं, डिंकाने चिकटवलं. नेमका तिचा वाढदिवस होता. ती बराच वेळ लेबलं वाचत होती. मग म्हणाली, हेच का? मी म्हटलं, कपाटालाही करून देतो.

आज पाहिलं तर आत एकही लेबल नाही. तिनेच जाता जाता काढली असणार. मनात राग धरायचा नाही असं ठरवलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मेकॅनिकला बोलावलं. निश्चय मोडलेला नाही. मशीन मी बाहेर काढलं, पाइप मी सोडवला, तो फक्त उरलेलं बघणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मेकॅनिक काल येणार होता, आज आला. सगळा वेळ कानाला फोन, कोणाशी तरी टायरबद्दल भांडत होता. मी आधी माझं निदान सांगितलं. त्याने एक बोट वर करून मला थांबवलं आणि टायरवाल्याला शिवी दिली.

तळाची जाळी काढून त्याने आत हात घातला. मूठभर पांढरा लगदा बाहेर आला. मग आणखी एक मूठ. शेवटचा तुकडा त्याने उजेडात धरला. त्यावर ‘तिरका’ एवढं वाचता येत होतं.

कागद आत कोणी लावला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूने. तो म्हणाला, साहेब, कंपनीच्या नोंदीत मशीन तर तुमच्याच नावावर घेतलेलं दिसतंय. मी त्याला सरबत हवं का विचारलं.

मशीन सुरू झालं! जाताना म्हणाला, एवढी दाटीवाटी करू नका, पाणी फवारणारा पंखा फिरायला जागा लागते. मान डोलावली. असल्या माणसाला रचनेतलं काय कळणार.

एकूण काय, मी पाठपुरावा केला म्हणून काम झालं. लेबलांचा विषय इथेच संपला. हिला सांगायची गरज नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चालत्या मशीनचा व्हिडिओ बायकोला पाठवला, आवाजासकट. उत्तर आलं: छान.

एकच शब्द, पण मोजकं बोलणं हा तिचा स्वभावच. आनंद त्यात आलाच. मागोमाग दुसरा मेसेज: रविवारी गरम कपडे न्यायला येते. कपडे हे निमित्त आहे, हे कोणीही सांगेल.

मेव्हणीला फोन करून अंदाज घेतला. ती आढेवेढे घेत म्हणाली, ताईने ऑफिसजवळ एक खोली बघितलीये, सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. मी खुर्ची ओढून बसलो. मग विचारलं, त्या खोलीत डिशवॉशर आहे का? नाही म्हणाली. मग प्रश्नच मिटला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तयारी. मास्तरांना हाताला धरून वर आणलं, दोघांनी मिळून मशीन ओट्याखाली ढकललं. मास्तर म्हणाले, उद्या त्या आल्या की तुम्ही थोडं कमी बोला. आगाऊपणा आहे, पण मुद्दा बरा आहे.

निश्चय (मोठा): उद्या भांड्यांविषयी एक शब्द काढायचा नाही. तोंडाला कुलूप. तिने ताटली छताला टांगली तरी चालेल.

ती राहिली पाहिजे. मला एकट्याला नाही जमत. हे तिला सांगायचं ठरवलंय, पण चहा झाल्यावर. सुरुवातीलाच नको.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

ती आली. थोडी वाळलीये. निळा स्वेटर घातला होता, म्हणजे गरम कपडे सगळे इथे नव्हतेच! मी मनातल्या मनात नोंद केली.

चहा मीच केला. कागदी ताटल्यांचा गठ्ठा बघून ती हसली. किती दिवसांनी हसली. मास्तरांच्या ओल्या डोक्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तर डोळे पुसण्याइतकी हसली. म्हणाली, बहिणीकडे सोफ्यावर झोप लागत नाही. मग विचारलं, तुम्ही जेवता का नीट? मी म्हटलं, हो. अंड्यांचं सांगितलं नाही. खोलीचा विषय तिनेच काढला. अजून नक्की केलं नाहीये म्हणाली, आणि कपात बघत बसली.

मी बोलणार होतो. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात ती उठली आणि दोघांच्या कप-बश्या उचलून मशीनमध्ये ठेवायला लागली. आपल्या घरात ठेवते तशी. कोणी सांगितलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मी तिच्या मागे उभा होतो. एक शब्द बोललो नाही. एक अक्षरसुद्धा नाही. फक्त तिचा कप जरा वेगळाच बसला होता, म्हणून मी हात पुढे करून तो वळवला. किंचित. एका बोटाने.

ती त्या कपाकडे बघत राहिली. मशीनच्या दारावर तिचा हात होता, तो काढून घेतला. मग म्हणाली, कपडे कुठल्या खणात आहेत? मी सांगितलं. तिने बॅग भरली, पहिल्यांदा भरली होती त्याहून मोठी. दारातून म्हणाली, मशीन चांगलं झालंय, जपा.

मी थांब म्हणायला हवं होतं का? पण मी न बोलण्याचा निश्चय केला होता, आणि तो पाळला. आजवर केलेल्या निश्चयांपैकी हा एकच पूर्ण पाळलाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी मेसेज आला. खोली घेतली. सामान पुढच्या आठवड्यात नेते.

मशीन उत्तम चालतंय. काल लावलेलं आज लावलं. लावलं म्हणजे बटण दाबलं. दोन कप, दोन बश्या, एक चमचा. माझा कप लख्ख. बश्या लख्ख. तिचा कप मी बशीच्या आडोशाला वळवला होता, त्याच्या तळाशी चहाचं वर्तुळ तसंच राहिलं.

वाटलं, तो तिने ठेवला होता तसाच ठेवून पुन्हा एकदा मशीन लावावं. कप हातात घेऊन बसलो. तिने तो नेमका कसा ठेवला होता, तेच आठवेना. इतकी वर्षं तिने लावलेलं सगळं रोज काढलं, पण कसं लावलंय ते कधी बघितलंच नाही.

पालथा ठेवून पाहिला. आडवा ठेवून पाहिला. कडेला ठेवला, मधोमध ठेवला.

तसा नव्हता. शेवटी ओट्यावरच ठेवून दिला.